डब्याला दिसलेली बाई

त्या डब्याकडं मी ढुंकूनसुद्धा बघणार नाही, असं मी हापशावर सगळ्यांसमोर बोलले होते. फुलसिंगची बायको घागर भरत होती. तिनं ऐकलं म्हणजे अख्ख्या तांड्यानं ऐकलं, आणि संध्याकाळच्या जीपबरोबर ते शिरड शहापूरलाही पोचलं असणार. मी बोललेला शब्द फिरवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच पुढं माझी पंचाईत झाली. आता सगळं नीट पार पडलं आहे, तेव्हा मीच सांगून टाकते. फुलसिंगची बायको सांगते त्यात निम्मं तिच्या पदरचं असतं.

डबा माझ्या सुनेचा. सून म्हणजे शितल, माझ्या विकासची बायको. नांदेडला शिकून इंजिनिअर झाली, पुण्याकडं एका लहानशा कंपनीत कामाला लागली. विकासही तिकडंच, पण त्याची नोकरी वेगळी. सन दोन हजार नऊचा जानेवारी होता. तूर घरात आली होती, हळद अजून जमिनीत होती, कापूस वेचून पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. गुरुवारी दुपारी शितल वसमतकडून येणाऱ्या जीपमधून एकटीच उतरली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि छातीशी गोधडीत गुंडाळलेला डबा. लेकरू धरावं तसा.

लग्नाला तीन वर्षं झाली, मांडीवर लेकरू नाही आणि ही डबा घेऊन येते. हे मी नुसतं मनात म्हणाले असं नाही. तोंडानंही म्हणाले.

"याडी, पाया पडते," शितल म्हणाली. आमच्यात आईला याडी म्हणतात. ती मला तेच म्हणते.

"पड. पण आधी ते खाली ठेव, न्हाई तर त्यालाबी माझ्या पायावर घालशील."

ती हसली. मी टोचून बोलते आणि ही हसते. समोरचा हसला की बोलणाऱ्याची मेहनत फुकट जाते.

डब्यावर माझा राग होता, त्याला कारण होतं. माझी धाकटी लेक निता, तिच्या लग्नाला ही थोरली वहिनी हळद लागून, जेवणाच्या पंगती उठून गेल्यावर पोचली. काहून, तर म्हणे डब्याचं काम निघालं. पाहुण्या बाया मला विचारून राहिल्या होत्या, सून कुठाय, सून कुठाय. मी काय सांगणार? डब्यापाशी हाय म्हणून?

नेमसिंगचं मात्र वेगळं. नेमसिंग म्हणजे माझा नवरा, तांड्याचा नाईक. तांड्यात त्याचा शब्द चालतो, घरात माझा. तो त्या डब्यापुढं बसला, जत्रेत बसावं तसा.

"काय करतो गं ह्यो?"

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. पाठ त्यांच्याकडं होती. कान मात्र पाठीला नसतात, ते आपले ऐकतात.

"बापू, ह्याला गाडीच्या नाकात बसवायचं," शितल सांगत होती. "धुकं असलं, धुरळा असला तर ड्रायव्हरला दिसत न्हाई, पण ह्याला दिसतं. डोंगराकडं तोंड करून हाक मारली की ती परत येती का न्हाई? तसा हा हाक मारतो आन् परत आलेली हाक ऐकतो. आपल्या कानाला कळत न्हाई एवढंच."

"मंग ह्याच्यात नवं काय? असं तर ऐकलंय मी. इमानतळावर असतं म्हणे."

"नवं हे हाय. उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडंला बंद पडलेली असती. मागं दिवा न्हाई. तिच्या बाजूला माणूस पाना घेऊन चाक खोलत बसलेला. साध्या डब्याला ती ट्रॉली आन् तो माणूस मिळून एकच ढेकूळ दिसतं. माझ्या डब्याला दोघं वेगळे दिसायला पाहिजेत. म्हणून ह्याच्यात एक न्हाई, चार चिपा बसवल्या. चौघींनी मिळून एका डोळ्यासारखं बघायचं."

"चार बाया एका चुलीवर? भांडत न्हाईत?"

"तेच तर दुखणं हाय, बापू."

मग तिनं डब्याचं झाकण काढलं. मी बघितलं नाही. भाकरी उलटताना मान वळते, तेव्हा नजर गेली. हिरवी पाटी होती. तिच्यावर तिळाच्या वडीएवढे चार काळे चौकोन, आणि त्यांच्यामधून सोन्यासारख्या बारीक रेघा. शितल बोट ठेवून दाखवत होती. चौघींतली एक नाईक. ठोका ती देते. बाकी तिघी तिच्या कारभारी. तिच्या ठोक्यावर चौघींनी एका दमात हाक मारायची आणि एका दमात ऐकायची. एकीला ठोका उशिरा पोचला तर डबा खोटं बोलायला लागतो. समोरची वस्तू बाजूला दाखवतो, नाही तर एकाच्या दोन दाखवतो.

"उशिरा म्हंजी किती?"

"केसाच्या जाडीएवढी रेघ जास्त झाली, एवढा उशीर. तेवढाबी चालत न्हाई."

नेमसिंगनं डोळे बारीक केले. "ही लांबची हाय तिला सरळ वाट दिलीस, आन् ही नाईकाच्या मांडीला मांडी लावून बसलीय तिच्या रेघंला एवढे येढे काहून?"

"लांबचीला वाट मोठी. मग जवळचीनं वळसा घ्यायचा, तवा ठोका सगळ्यांपाशी एकाच टायमाला पोचतो. आन् हे बघा, नाईक सोत्ताचा ठोकाबी तेवढाच फिरवून सोत्ताकडं आणती. तिलाबी सवलत न्हाई."

"मंग ती नाईक खरी," मी चुलीपाशी बसूनच म्हणाले. "आमच्या नाईकाला चहा सगळ्यांच्या आधी लागतो."

शितल हसली. नेमसिंगही हसला, पण जरा उशिरा.

त्या रेघांचे वेढे मला ओळखीचे वाटले. माझ्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, तसाच नागमोडी टाका आहे, माझ्या याडीनं घातलेला. पण हे मी कोणाला सांगितलं नाही. डब्याचं कौतुक केल्यासारखं झालं असतं.

ती इथं का आली, तेही तेव्हाच कळलं. पुण्यात जिकडं तोंड करावं तिकडं लोखंड. खांब, जाळ्या, गाड्या, पत्र्याची शेडं. प्रत्येक वस्तू हाकेला ओ देते, मग डबा खोटं बोलतो का खरं, हे समजत नाही. तिला पाहिजे होता उघडा माळ. मग आमचा माळ आठवला. विजेचे खांब येणार येणार म्हणत वीस वर्षं आले नाहीत, त्याचा कोणाला तरी पहिल्यांदा उपयोग झाला.

"शनवारी संध्याकाळी पाच वाजता सरांना फोन करायचाय," शितल म्हणाली. "चौघींचा ठोका जुळला का न्हाई, एवढंच सांगायचं. जुळला तर काम पुढं जाईल. न्हाई जुळला तर चार चिपांचं काम बंद. माझी दोन वर्षं कपाटात."

"आन् तू?"

"मी काय, बापू. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका तपासत बसायचं." ती हसूनच बोलली. पण ताटातला भाकरीचा तुकडा तिनं चारदा इकडून तिकडं फिरवला आणि खाल्ला नाही. मी बघितलं. असलं मला दिसतं.

शुक्रवारी सकाळी दोघं माळावर गेले. फुलसिंगच्या ट्रॅक्टरची बॅटरी नेमसिंगच्या डोक्यावर, डबा शितलच्या काखेत. बरोबर एक लांब बांबू, आणि त्याच्या टोकाला तीन पत्रे जोडून केलेला कोपरा, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळते तसा. डब्याची हाक त्या कोपऱ्यावर आदळली की सरळ माघारी जाते, म्हणून तो लागतो म्हणे. ते निघून गेल्यावर मी हापशावर गेले आणि ते ढुंकून न बघण्याचं बोलून बसले.

घरी आले तर घर रिकामं. भांडी झाली, झाडून झालं. शेळी ओरडायला लागली. शेळीला पाला पाहिजे आणि पाला माळाच्या बाजूलाच चांगला असतो, त्याला मी काय करू?

माळाच्या एका अंगाला आमची हळद आहे. गुरं शिरू नयेत म्हणून हळदीच्या कडेनं वाळलेल्या पऱ्हाट्यांचा कूड केलेला आहे, पुरुषभर उंच, लांबलचक. मी त्या कुडाआड बसले. फटीतून सगळं दिसत होतं आणि मी कोणाला दिसत नव्हते. माणूस आडोशाला बसला की दिसत नाही, एवढं तर रांगतं लेकरूही जाणतं.

इथं एक सांगायला पाहिजे. तांड्यातल्या लेकी-सुनांनी साड्या धरल्या, शितल तर पंजाबी ड्रेस घालते. मी नाही सोडलं. माझा घेरदार फेटिया, माझी आरशांची आणि जुन्या रुपयांची कांचळी, कानावरून लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, गळ्यात हासळी, पायात वाळे. दीड शेर चांदी अंगावर घेऊन मी चालते तेव्हा कुत्री आपणहून बाजूला होतात. पाला काढायलाही मी अशीच जाते.

तर नेमसिंगनं डब्यापासून चाळीस पावलांवर दगडांच्या ढिगाऱ्यात बांबू रोवला आणि तो माघारी जाऊन शितलच्या पाठीमागं उभा राहिला. डब्याला माणूसही दिसतो, म्हणून ती त्याला दर वेळेला मागं बोलवत होती. मग शितल लॅपटॉपवर डोळे लावून बसली. बसली ती बसलीच. मग तिनं नेमसिंगला हात केला, त्यानं बांबू दहा पावलं लांब नेला. मला नीट दिसेना, म्हणून मीही कुडाकडेनं वाकून दहा पावलं पुढं सरकले. मग आणखी दहा पावलं. तो सरकला की मी सरकले. मला बघायचं होतं असं नाही. पण अर्ध्यातून उठून जाणं मला जमत नाही.

मध्येच शितल उठली आणि सरळ कुडाकडं चालत यायला लागली. हिनं पकडलं तर संपलं, हापशावर तोंड दाखवायला जागा नाही. मी घुगऱ्या मुठीत धरल्या आणि वाकून हळदीत घुसले. ती आली, कुडापाशी उभी राहिली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, काडी ओढून बघितली, परत गेली. ती डब्यापाशी पोचली तशी मी जागेवर येऊन बसले. वय पंचावन्न, पण हळदीच्या एका पानाला धक्का लागू दिला नाही. मनातल्या मनात मी खूश झाले.

संध्याकाळी शितल चहाला बसली ती वही पुढ्यात घेऊनच.

"न्हाई जुळला?" नेमसिंगनं विचारलं.

"बांबूचा खांब एक, दिसतात दोन. एक समोर, बराबर. आन् दुसरं डाव्या हाताला, तेवढ्याच अंतरावर. असं खोटं दिसलं की आम्ही त्याला भूत म्हणतो."

"त्या माळावर भूत असतं तर मला आधी भेटलं असतं," मी म्हणाले. "आन् पळून गेलं असतं."

या वेळी मात्र ती हसली नाही.

"डाव्या हाताला तर नुसता कूड हाय," नेमसिंग म्हणाला.

"वाळल्या काड्या ह्याला दिसत न्हाईत बापू, हाक आरपार जाती. मी जाऊन बघून आले ना, कुडापाशी कायबी न्हाई. माघारी येऊन बघते तर भूत तिथंच. आन् खरी वस्तू असती तर एका जागी बसली असती. हे खांबाबरोबर सरकतं. खांब दहा पावलं गेला, भूतबी दहा पावलं गेलं. म्हंजी भूत माळावर न्हाई, माझ्या डब्यात हाय. कुणाचा तरी ठोका चुकतोय."

आता ऐकणाऱ्याला सगळं कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही. मी दुसरी शिकलेली बाई, आणि आडोशाला बसलेलं माणूस दिसत नाही यावर माझा पक्का विश्वास होता. मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

शनिवारी ती नेमसिंगला घेऊन सातलाच माळावर गेली. फुलसिंगची बायको माझ्या अंगणात येऊन बसली, तिच्या भावकीतलं काय काय सांगत, त्यामुळं मला हलता आलं नाही. नऊला शितल पळतच आली. तोंड उजळलेलं.

"याडी, एकच! एकच दिसतंय! दोन तास झाले, भूत न्हाई!"

"मंग आता जेव," मी म्हणाले. तिनं उभ्या उभ्या खाल्लं आणि दहाला परत गेली. फुलसिंगची बायकोही उठली. शेळी ओरडली. मी निघाले.

साडेचारला दोघं घरी आले. शितलनं डबा बाजेवर ठेवला आणि वही उघडली. नेमसिंगला वाचून दाखवत होती, पण ती त्याला सांगत नव्हती. आपण चुकलो ते कुठं, हे माणूस स्वतःला सांगतं तसं सांगत होती.

"सकाळी सात ते नऊ, भूत न्हाई. दहानंतर आलं. अकराला खांब सरकवला, ते सरकलं. दीडला गेलं, अर्धा तास नव्हतं. दोनला परत आलं. तीनला दोन मिनिटं एवढं थरथरलं की मला वाटलं चिप जळाली." तिनं वही मिटली. "थंडीत बराबर चालतो, ऊन चढलं की बिघडतो. चौथीचाच ठोका असणार. तिला इथं बसून नीट करता येत न्हाई."

माझ्या हातात चहाचा पेला होता. तो तसाच राहिला.

दहाला फुलसिंगची बायको उठून गेली होती. दीडला मी शेळीला पाणी पाजायला घरी आले होते, दोनला परत गेले. आणि तीनला माझ्या फेटियात मुंग्या शिरल्या होत्या. तांबड्या. मी कुडाआड उभी राहून फेटिया झाडत होते, ओरडता येत नव्हतं.

मी डब्याकडं बघितलं. तो बाजेवर निमूट बसला होता.

खरं ते सांगते, लपवत नाही. पेल्यात एक घोट चहा उरला होता. तो पिऊन होईपर्यंत मला वाटलं, गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? डब्याचं काम बंद पडेल, सून लग्नाकार्याला वेळेवर येईल, सणाला घरात दिसेल. आणि माझा हापशावरचा शब्द शाबूत राहील. एका घोटाला लागतो तेवढाच वेळ मला हे बरं वाटलं.

शितल उठली. डब्यावर गोधडी पांघरली. मोबाईल घेऊन टेकाडाकडं निघाली, कारण आमच्याकडं रेंज फक्त तिथं येते. जाताना नेमसिंगला म्हणाली, "चौथी तशी गुणाची होती बापू. पण तिच्यामुळंच सगळं गेलं."

ते मला लागलं. माझ्या करणीचा बोल मी कधी दुसऱ्यावर जाऊ दिला नाही. भांडणात नाही, पंचायतीत नाही, सासूपुढंही नाही. चूक केली असेल तर ती माझी आहे, जिवनबाईची. कुठली तिळाच्या वडीएवढी चिप ती अंगावर घेणार, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

मी पेला आपटला आणि पळाले. वाळे वाजत होते, घुगऱ्या तोंडावर आपटत होत्या. हापशावरच्या बाया बघत राहिल्या. शितल टेकाडावर पोचली होती, मोबाईल कानाला होता.

"ठेव!" मी खालूनच ओरडले. "ठेव तो फोन!"

तिनं दचकून वळून बघितलं. "याडी? काय झालं? बापूंना काय..."

"बापूला काय होतंय? धडधाकट हाय तो." मला धाप लागली होती. "तुझी ती चौथी. तिला काय बोलू नको. ती न्हाई, मी हाय."

"तुमी काय?"

"भूत. ते भूत मी हाय. कुडाआड बसले होते."

तिनं मोबाईल कानापासून खाली घेतला. "कवा?"

"काल. आन् आज. दीडला शेळीला पाणी पाजाया गेले होते."

"पण मी काल कुडापाशी आले होते ना!"

"तवा हळदीत घुसले. तू परत गेलीस, मी परत आले."

"आन् खांब सरकला की भूत सरकायचं..."

"मंग मला दिसाया नको?"

तिनं बोटांवर वेळा मोजल्या. मग हळूच विचारलं, "तीन वाजता?"

"मुंग्या," मी म्हणाले. "आता हसायचं असंल तर हास, पण तोंड फिरवून हास."

तोंड वगैरे काही फिरवलं नाही तिनं. खाली दगडावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, रडता रडता परत हसायला लागली. दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडत होतं. मांडीवर ठेवलेल्या मोबाईलमधून एक पुरुष "हॅलो, शितल, हॅलो" करून राहिला होता.

"बाई, त्याला आधी उत्तर दे," मी म्हणाले. "बिचारा वरडून मरंल."

तिनं डोळे पुसले. "सर, एक तास द्या. सहाला सांगते. न्हाई सर, बिघडलं न्हाई. एक वस्तू मोजायची राहिली होती."

वस्तू म्हणाली मला. त्या दिवशी मी ते ऐकून घेतलं.

परत बॅटरी, परत डबा, परत बांबू. सूर्य टेकाडाच्या मागं चालला होता. शितलनं आधी मला घराकडं पिटाळलं आणि बघितलं. एक. मग मला कुडाआड बसवलं. दोन. परत पिटाळलं. एक. नेमसिंग दर वेळेला बोटं वर करून मला लांबूनच आकडा दाखवत होता, आणि त्याचे दात मला तेवढ्या अंतरावरूनही दिसत होते. तो दुसऱ्या दिवसापर्यंत हसत होता. नंतर मी बंद केलं.

"एवढी ठळक कशी दिसली मी?" मी डब्यापाशी येऊन शितलला विचारलं. "माणूस काय लोखंडाचा असतो?"

"साधा माणूस फिकाच दिसतो. पण तुमची हासळी, घुगऱ्या, ते रुपये. सगळी चांदी हाकेला ओ देती. मला वाटायचं खांबाच्या तोडीचं भूत आलं कुठून."

"मंग दिसणारच," मी म्हणाले. यात नवल करण्यासारखं काय होतं?

तेवढ्यात तिच्या डोक्यात काही तरी आलं. तिनं माझा हात धरला. "याडी, आता खांबाच्या जवळ जाता? मी सांगीन तसं, हळूहळू."

मी कुडाआडून नाही, समोरून गेले. उघड्या माळावर, सगळ्यांदेखत. बांबूपासून दहा पावलांवर उभी राहिले. नेमसिंगनं दोन बोटं वर केली. शितल ओरडून सांगत होती की साध्या डब्याला याच्या आत आलं की दोन्ही एक दिसतात. मी आठ पावलांवर आले. दोन बोटं. पाच पावलांवर आले. दोन. तीन पावलांवर आले. तिकडं शितल उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर. दोन बोटं. मी आणखी सरकले, हात लांब केला असता तर बांबू हाताला लागला असता. बोटं खाली येतील म्हणून मी नेमसिंगकडं बघत होते. बोटं वरच होती.

"दोन!" शितल ओरडली. "याडी, अजून दोन! खांब वेगळा, तुमी वेगळ्या!"

तिथं उभी असताना मला समजलं. मी चाक खोलत बसलेला माणूस होते आणि बांबू म्हणजे उसाची ट्रॉली. डबा मला ट्रॉलीत मिसळत नव्हता. दोन दिवस तो तेच सांगत होता, कुडाआड एक बाई बसली आहे म्हणून, आणि त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. चौघींचा ठोका पहिल्या दिवसापासून जुळलेला होता. ऊन लागू दे, थंडी लागू दे.

पावणेसहाला शितल टेकाडावर गेली. मी आणि नेमसिंग खाली उभे होतो. तिचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, त्यातलं मला 'यस सर' तेवढं कळत होतं. बरीच 'यस सर' झाली. मग ती खाली आली. पळत नाही, सावकाश, पाय मोकळे टाकत. गुरुवारपासून तिचे खांदे कानापाशी चढले होते, ते खाली उतरलेले दिसले.

"झालं," ती म्हणाली. "काम पुढं जातंय. माझ्याकडंच."

नेमसिंगनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या छातीवरून काही तरी उतरलं. हासळी होती तिथंच होती, पण हलकी वाटली.

"सर विचारत होते," शितल म्हणाली, "दुसरी वस्तू कशाची होती म्हणून."

"मंग काय सांगितलंस?"

"मी म्हणाले, चांदीची हाय. सासरची."

मी तोंड दुसरीकडं केलं. मला हसू आलेलं तिनं बघायला नको होतं.

त्या संध्याकाळी तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवताना म्हणाली, "याडी, निताच्या लग्नाचं माझ्या मनातून जात न्हाई." मी म्हणाले, "माझ्याबी जात न्हाई. पण भाकरी गार होऊन राहिली, खा." एवढ्यावर ते मिटलं. अगदी मिटलं असं नाही, पण आता ते मी वर्षातून एकदाच काढते.

रविवारी दुपारी, भर उन्हात, आणखी एकदा मोजायचं होतं. शितल मला विचारायला आली, याल का म्हणून.

"येईन. पण कुडाआड बसणार न्हाई. माळाच्या मधोमध बाज टाक. आन् मुंग्या बघून टाक."

तिनं बाज टाकली. शितल म्हणे तशी नेमसिंग ती बाज सरकवून देई, आणि मी पुन्हा तिच्यावर बसे, सगळी चांदी घालून, फेटियाचा घेर नीट पसरून. तांडा बघायला जमला होता. फुलसिंगची बायको तर घागर विसरून आली होती.

"काय वं जिवनबाई," ती लांबून ओरडली, "डब्याकडं बघणार न्हाई म्हणत होतीस ना?"

मी डब्याकडं पाठ करूनच बसले होते. ते मी सकाळीच ठरवलं होतं.

"बघितलं का मी?" मी म्हणाले. "नीट बघ. ह्यो डबाच माझ्याकडं बघून राहिला."